घर सोडावं लागलं तर कुठे जायचं? निवारा, भाड्याची खोली आणि मुलं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बायका खरंच विचारतात तसेच ठेवलेत, नीटनेटके करत बसलो नाही. उत्तरं महाराष्ट्र धरून आहेत, पण कायदा देशभर एकच असल्याने बरंचसं बाहेरही लागू पडतं. आधी एक सांगतो. हे पान घरातल्या फोनवर वाचत असाल तर वाचून झालं की हिस्ट्री पुसा, आणि तुमचं व्हॉट्सअ‍ॅप आणखी कुठल्या लॅपटॉपवर लिंक केलेलं आहे का तेही 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये जाऊन बघा.

आत्ता, या क्षणी मारहाण चालू आहे. कुणाला फोन करू?

११२. पोलीस येतात. तेवढं जमत नसेल, किंवा पोलीस नकोत पण बोलायला आणि मार्ग सांगायला कुणी हवं असेल तर १८१, ही महिला हेल्पलाइन आहे आणि २४ तास चालू असते. मुलांच्या बाबतीत काही असेल तर १०९८. फोन झाल्यावर कॉल लॉगमधून नंबर काढून टाका. बोलता येत नसेल तर शेजारणीशी आधीच ठरवून ठेवा, म्हणजे अमुक वेळा दार वाजवलं किंवा मुलाला 'काकूकडून विरजण आण' म्हणून पाठवलं की तिने फोन करायचा. ऐकायला नाटकी वाटतं, पण चाळीत आणि सोसायटीत हेच सगळ्यात लवकर कामाला येतं.

घर सोडलं की घरावरचा हक्क जातो म्हणे?

नाही, अजिबात नाही. सगळ्यात जास्त नुकसान या एका समजुतीने होतं. 'एकदा उंबरा ओलांडलास तर परत पाय ठेवायचा नाही' हे नवरा म्हणतो, सासू म्हणते, कधी कधी माहेरचेही म्हणतात, कायदा असं कुठेच म्हणत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ (लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ पासून) याच्या कलम १७ प्रमाणे जिथे तुम्ही संसार केला त्या घरात राहायचा तुम्हाला हक्क आहे, घर कुणाच्या का नावावर असेना, आणि कायद्याने ठरवलेल्या मार्गाशिवाय तुम्हाला तिथून काढता येत नाही. जीव वाचवायला चार दिवस, चार महिने बाहेर राहिलात म्हणून तो हक्क संपत नाही. २०२२ मध्ये प्रभा त्यागी केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हेही सांगितलंय की बाई अर्ज करताना प्रत्यक्ष त्या घरात राहत नसली तरी राहायचा हक्क मागू शकते.

पण घर सासऱ्यांच्या नावावर आहे. आमचं काय त्यात?

आधी खरंच अडचण होती. २००६ च्या बत्रा निकालामुळे सासूसासऱ्यांच्या नावावरचं घर म्हटलं की सुनेचा अर्ज तिथेच अडकायचा. ऑक्टोबर २०२० मध्ये सतीशचंद्र आहुजा केसमध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल चुकीचा ठरवला, आणि आता नातेवाइकाच्या मालकीचं घरसुद्धा 'सामायिक घर' धरलं जाऊ शकतं, फक्त तुम्ही तिथे संसार म्हणून राहत होतात हे दिसायला हवं, पाहुणी म्हणून चार दिवस गेलात ते धरत नाहीत. याचा अर्थ घर तुमच्या मालकीचं झालं असा नाही बरं का, राहायचा हक्क वेगळा आणि मालकी वेगळी. ज्येष्ठ नागरिकांचा २००७ चा कायदा आहे त्याचा आधार घेऊन सुनेला बाहेर काढायचा प्रयत्नही होतो, त्यावर डिसेंबर २०२० च्या एस. वनिता निकालात कोर्टाने म्हटलंय की तो कायदा वापरून सुनेचा राहायचा हक्क असाच उडवून लावता येणार नाही, दोन्ही बाजू बघाव्या लागतील.

मग मीच का बाहेर पडायचं? त्यालाच काढता येत नाही का?

येतं. कौटुंबिक हिंसाचाराच्या त्याच २००५ च्या कायद्यातल्या कलम १९ खाली कोर्ट नवऱ्याला घराबाहेर जायला सांगू शकतं, घर विकायला किंवा गहाण टाकायला मनाई करू शकतं, घराच्या ज्या भागात तुम्ही राहता तिथे त्याने पाय ठेवायचा नाही असं म्हणू शकतं. फक्त घरातल्या बाईला, म्हणजे सासूला किंवा नणंदेला, घराबाहेर काढायचा आदेश या कलमाखाली मिळत नाही, त्यामुळे छळ सासूचा असेल तर हा मार्ग अर्धाच. आणि अशी ऑर्डर मिळेपर्यंत रात्र कुठे काढायची हा प्रश्न उरतोच, त्यासाठीच खालचं सगळं.

आज रात्रीपुरती सोय कुठे होते?

सखी वन स्टॉप सेंटर. ही योजना २०१५ पासून चालू आहे, जिल्ह्याजिल्ह्यात सेंटर आहे, बऱ्याच ठिकाणी सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारात किंवा जवळपास. तिथे जास्तीत जास्त ५ दिवस राहता येतं, आणि त्याच ठिकाणी डॉक्टर, पोलीस, वकील, समुपदेशन या सगळ्यांशी गाठ घालून देतात. पैसे लागत नाहीत. तुमच्या जिल्ह्यातलं सेंटर कुठे आहे ते १८१ वर सांगतात, थेट गेलात तरी चालतं.

मुंबईत असाल आणि मार लागलेला असेल तर महापालिकेच्या हॉस्पिटलमध्ये 'दिलासा' केंद्र आहे का ते विचारा. वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमधून हे काम सुरू झालं आणि नंतर पालिकेच्या बाकी हॉस्पिटलांमध्ये गेलं. तिथल्या बायका पट्टी बांधून झाल्यावर 'कशाने लागलं' हे ज्या पद्धतीने विचारतात ना, त्यात खरं उत्तर द्यायला जीव होतो.

पाच दिवसांनी काय?

पाच दिवसांत आयुष्य मार्गी लागत नाही हे सगळ्यांनाच माहीत आहे. पुढची पायरी म्हणजे शक्ती सदन. पूर्वी स्वाधार गृह आणि उज्ज्वला (गॅसची नव्हे, तस्करीतून सुटलेल्या बायकांसाठीची) अशा दोन वेगळ्या योजना होत्या, २०२२ मध्ये केंद्राच्या मिशन शक्ती योजनेखाली त्या एकत्र करून शक्ती सदन केलं. लोक अजूनही स्वाधारच म्हणतात, तुम्हीही तसंच विचारलंत तरी कळेल. इथे मुक्काम लांबचा असतो, महिन्यांचा, वेळ पडली तर काही वर्षांचासुद्धा. राज्य सरकारची महिला राज्यगृहं आहेत ती वेगळी. शिवाय संस्थांची घरं आहेत, उदाहरणार्थ पुण्याजवळ वढू बुद्रुकला सिस्टर ल्युसी कुरियन यांनी १९९७ मध्ये सुरू केलेलं 'माहेर', तिथे बायका आणि मुलं दोघांनाही ठेवून घेतात.

निवाऱ्यात जायला एफआयआर लागतो का? पोलीस म्हणाले फक्त एनसी घेतो.

निवाऱ्यासाठी एफआयआर लागत नाही. २००५ च्याच कायद्यातल्या कलम ६ प्रमाणे तुम्ही स्वतः, किंवा तुमच्या वतीने संरक्षण अधिकाऱ्याने (हा कोण ते पुढच्या प्रश्नात) किंवा सेवा देणाऱ्या संस्थेने विनंती केली की निवारागृहाच्या प्रमुखाने आसरा द्यायचा असतो. आधी तक्रार आणा मग खाट देतो असं कुणी म्हणालं तर शांतपणे 'कलम ६' एवढंच म्हणा आणि तिथूनच संरक्षण अधिकाऱ्याला फोन लावा.

एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद, त्यावर पोलीस आपणहून तपास करत नाहीत, पण कागद म्हणून तो फुकट नाही, तारखेसकट पुरावा आहे, प्रत मागून घ्या आणि जपून ठेवा. छळाचा गुन्हा (जुनं ४९८-अ, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८५) नोंदवायचा की नाही हा तुमचा निर्णय, तो आज नाही केला म्हणून घराचा, पोटगीचा किंवा निवाऱ्याचा मार्ग बंद होत नाही.

संरक्षण अधिकारी म्हणजे कोण? पोलीस का?

पोलीस नाही. महिला व बाल विकास खात्यातर्फे नेमलेली व्यक्ती असते. ती तुमचं म्हणणं ऐकून कौटुंबिक घटना अहवाल भरते, कोर्टात अर्ज करायला मदत करते, निवारा आणि दवाखाना बघून देते, हे सगळं मोफत. खरं सांगायचं तर एकेका अधिकाऱ्याकडे कामाचा डोंगर असतो, त्यामुळे एका फोनवर काम होईल अशी आशा ठेवू नका, पाठपुरावा करा. अहवाल नसला तरी तुम्ही थेट मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करू शकता. पोलीस स्टेशनच्या आवारात 'महिला व मुलांसाठी विशेष कक्ष' असेल तर तिथल्या सामाजिक कार्यकर्त्याही मदत करतात, हे काम १९८४ मध्ये मुंबई पोलिसांच्या आवारात टाटा समाजविज्ञान संस्थेने सुरू केलं होतं.

वकिलाचे पैसे नसतील तर १५१०० वर फोन करा किंवा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्याने बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. 'मी नोकरी करते मग मला कसा मिळेल' असं समजून बायका जातच नाहीत.

निवाऱ्यात गेल्यावर नक्की काय होतं? भीती वाटते.

वाटणारच, कारण टीव्हीवर जे दाखवतात ते बघून सगळ्यांना जेलच आठवतं. होतं असं. अधीक्षिका रजिस्टर काढते, नाव, मुलांची नावं, काय झालं ते लिहून घेते, बॅग तुमच्यासमोर उघडून यादी होते, मंगळसूत्र, कानातले, पाटल्या असतील तर त्या पाकिटात घालून वर तुमची सही घेऊन कपाटात ठेवतात (सही करण्यापूर्वी यादी वाचा, 'पिवळ्या धातूच्या बांगड्या २' असं लिहितात ते घाबरण्यासारखं नाही, तशीच पद्धत आहे). मग मुलांना काहीतरी खायला, खाट आणि एक ट्रंक किंवा लॉकर. दुसऱ्या दिवशी मेडिकल, मग समुपदेशन.

नियम असतात. गेटवर वही, परत यायची वेळ, स्वयंपाकाचं काम वाटून, काही ठिकाणी मोबाइल ऑफिसात जमा. नोकरी असेल तर बहुतेक ठिकाणी पत्र दाखवून जाता येतं. सगळी घरं सारखी नसतात, काही ठिकाणी माया आहे, काही ठिकाणी नुसती शिस्त. म्हणून जाण्याआधी किंवा पहिल्याच दिवशी विचारून घ्या: मोबाइल ठेवता येतो का, कामावर जाता येतं का, मुलांची शाळा कशी, मला जायचं असेल तेव्हा जाता येतं का. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. सज्ञान बाईला तिच्या मर्जीविरुद्ध कोंडून ठेवायचा अधिकार निवारागृहाला नाही.

माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. त्याला घेतील का?

हा सगळ्यात कठीण प्रश्न. मुलगी असेल तर अडचण येत नाही. मुलाला वयाची अट आहे, स्वाधारच्या वेळी ८ वर्षं होती, मिशन शक्तीत ती १२ केली. तेरा वर्षांच्या मुलाला सांगतात की बालगृहात ठेवू, बाल कल्याण समितीपुढे नेऊन. कागदावर ठीक आहे. पण जो पोरगा आईला मार पडताना मध्ये पडलाय, ज्याच्या हातावर पट्ट्याचे वळ आहेत, त्याला नेमकं त्याच दिवशी आईपासून तोडायचं, आणि मग तो विचारतो 'मी काय केलं?' या एका नियमापायी कितीतरी आया मार खात घरीच राहतात. बाकी बायकांची सुरक्षितता बघावी लागते हे मान्य, पण एका कुटुंबाला एक खोली एवढी सोय होऊ नये इतकं अवघड आहे का ते?

तोवर करायचं काय? पहिलं, मामा, मावशी, मैत्रीण यांच्यापैकी कुणाकडे मुलाला आणि तुम्हाला एकत्र ठेवता येतं का बघा. दुसरं, संस्थांच्या घरांत विचारा, काही ठिकाणी वेगळी सोय असते. तिसरं आणि माझ्या मते मोठ्या मुलांच्या आयांनी पहिल्याच तारखेला मागावं असं: कलम १९ खाली नवऱ्याने तुम्हाला त्याच तोडीचं दुसरं घर द्यावं किंवा त्याचं भाडं भरावं असा आदेश. हे कायद्यात स्पष्ट लिहिलंय, तरी अर्जांत पोटगीवर चार पानं आणि घरभाड्यावर एक ओळ असते. वकिलाला सांगा, भाड्याचा मुद्दा वेगळा आणि ठळक लिहा, तुमच्या भागात वन रूम किचनला काय भाडं आणि डिपॉझिट चालतं त्याचा कागद जोडा. चौथं, नवऱ्यालाच घराबाहेर काढायचा अर्ज, मुलगा मोठा असेल तर हाच सगळ्यात सरळ मार्ग.

कोर्टाला किती दिवस लागतात?

कायदा म्हणतो पहिली तारीख साधारण ३ दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत करायचा प्रयत्न. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात हे तुम्हाला कुणीही सांगेल. म्हणून मूळ अर्जाबरोबरच कलम २३ खाली अंतरिम अर्ज करा, तो नसेल तर घरभाडं, पोटगी, मुलांचा ताबा सगळं निकालापर्यंत लटकतं. परिस्थिती गंभीर असेल तर समोरचा हजर नसतानाही अंतरिम आदेश होतो. संरक्षण आदेश, म्हणजे मारहाण करू नये, संपर्क करू नये असा कोर्टाचा आदेश, नवऱ्याने मोडला तर १ वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

अर्ज कुठे करायचा? तुम्ही आत्ता तात्पुरत्या जिथे राहता तिथल्या कोर्टातही चालतो. नाशिकहून निघून कोल्हापूरला बहिणीकडे आलात तर तारखांना नाशिकला खेटे घालायची गरज नाही.

निघताना काय काय घ्यायचं?

वेळ असेल तर: आधार, पॅन, रेशन कार्डाची झेरॉक्स, लग्नाचा दाखला (नसेल तर पत्रिका आणि फोटो), मुलांचे जन्मदाखले, लसीची कार्डं, शाळेचं बोनाफाइड, पासबुक, रोजची औषधं, चष्मा, थोडे सुटे पैसे, दागिन्यांच्या पावत्या. जखमांचे फोटो आणि दवाखान्याचे कागद एखाद्या मैत्रिणीला आधीच पाठवून ठेवा. वेळ नसेल तर मुलं आणि फोन, बस्स, बाकीचं नंतर संरक्षण अधिकारी किंवा पोलीस सोबत घेऊन आणता येतं, आणि स्त्रीधन परत द्यायचा आदेशही कोर्ट देतं.

आधारला कुणाचा मोबाइल नंबर जोडलाय ते आजच बघा. नवऱ्याचा असेल तर प्रत्येक ओटीपी त्याच्याकडे जाणार. बँकेचंही तेच.

तो म्हणतो मुलं नेलीस तर किडनॅपिंगची केस टाकीन.

धमकी जुनीच आहे. आई ही मुलांची नैसर्गिक पालक आहे, हिंसेतून वाचवायला तिने मुलांना बरोबर नेलं म्हणजे अपहरण होत नाही. हिंदू कायद्यात ५ वर्षांखालच्या मुलाचा ताबा साधारणपणे आईकडेच असतो. मात्र नेल्यानंतर गप्प बसू नका, ताबडतोब २००५ च्याच कायद्यातल्या कलम २१ खाली तात्पुरत्या ताब्याचा अर्ज टाका, कोर्टाचा कागद हातात असला की शाळेपासून पोलीस स्टेशनपर्यंत सगळीकडे बोलणं सोपं जातं.

तो मिसिंगची तक्रारही टाकेल. तेव्हा जवळच्या पोलीस स्टेशनला जाऊन 'मी सज्ञान आहे, माझ्या मर्जीने निघाले, माझा पत्ता नवऱ्याला देऊ नये' असा जबाब लिहून द्या, शेवटचं वाक्य आवर्जून लिहायला लावा. 'नांदायला जा' असा सल्ला मिळेल, ऐकून घ्या आणि जबाबाची पोच मागा.

मुलांची शाळा बदलायची आहे, दाखला बाप अडवून बसलाय.

पहिली ते आठवीपर्यंत दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, शिक्षण हक्क कायदा २००९ तसं सांगतो. नव्या शाळेत अर्ज द्या. एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही: नवी शाळा सरल पोर्टलवर (विद्यार्थ्यांच्या नोंदींची सरकारी वेबसाइट) विद्यार्थी मागवते तेव्हा जुन्या शाळेला नव्या शाळेचं नाव दिसतं. बापाची तिथे ओळख असेल तर दुसऱ्या दिवशी तो गेटवर हजर. म्हणून जुन्या मुख्याध्यापकांना आधीच लेखी कळवा, कोर्टाचा आदेश असेल तर प्रत द्या, आणि नव्या शाळेत मुलाला कोण न्यायला येऊ शकतं ते लिहून द्या. जुन्या वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून बाहेर पडा. मुलांच्या टॅबवरचं गूगल अकाउंट आणि लोकेशनही तपासा, आईचा फोन साफ आणि गेम खेळायच्या टॅबवरून पत्ता उघड, असं होतं.

नोकरी आहे, निवाऱ्यात राहायचं नाही. खोली कशी मिळवू?

पहिलं सखी निवास बघा, नोकरदार बायकांचं वसतिगृह. भाड्याला पगाराच्या प्रमाणात मर्यादा असते (एकटीच्या खोलीला पगाराच्या १५ टक्क्यांपर्यंत), मुलीला १८ आणि मुलाला १२ वर्षांपर्यंत सोबत ठेवता येतं. जागा मात्र कमी, नंबर लावून ठेवा.

बाहेर खोली शोधायला गेलात की एजंटचा पहिला प्रश्न, 'फॅमिली आहे ना?' आणि मालकिणीचा दुसरा, 'मिस्टर कुठे असतात?' यावर लांबलचक खरी कहाणी सांगायची गरज नाही. 'मी आणि मुलं राहणार, नोकरी अमुक ठिकाणी, भाडं महिन्याच्या पाच तारखेला' एवढं पुरतं. ओळखीच्या बाईला, ऑफिसातल्या एखाद्या सीनियर मॅडमला बरोबर न्या, फरक पडतो, पडू नये पण पडतो. लिव्ह अँड लायसन्सचा करार रजिस्टर करा, तो मालकाने करून द्यायचा असतो, आणि तोच कागद पुढे आधार, बँक, शाळा सगळीकडे पत्त्याचा पुरावा होतो. निवाऱ्यात असाल तर मान्यताप्राप्त निवारागृहाच्या अधीक्षिकेचं पत्र आधारसाठी चालतं.

पैशाची काही मदत?

पोटगी आणि घरभाडं हा हक्क, तो पहिला. त्याशिवाय संजय गांधी निराधार योजनेत अत्याचारित महिला आणि घटस्फोटाच्या प्रक्रियेतल्या बायका बसतात, तहसील कार्यालयात अर्ज. उत्पन्नाची अट फार कडक आहे, वर्षाला २१,००० रुपये. लाडकी बहीणमध्ये परित्यक्ता आणि घटस्फोटितही येतात, ती आधीच मिळत असेल तर पैसे कुठल्या खात्यात जातात आणि त्या खात्याचं एटीएम कुणाच्या खिशात आहे ते बघा. मुलांसाठी बालसंगोपन योजना, एकल पालकाच्या मुलांना दरमहा मदत मिळते, चौकशी जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात करा.

लग्न रजिस्टर नाही / लिव्ह-इन आहे / आम्ही मुस्लिम आहोत / मारणारा भाऊ आहे. चालतं का?

चारही ठिकाणी चालतं. कायदा धर्म बघत नाही, लग्नासारखं नातं असलेल्या बायका, आई, बहीण, मुलगी सगळ्या त्यात येतात. एक बाप मुलीला मारतो किंवा भाऊ विधवा बहिणीला घराबाहेर काढतो, तेही कौटुंबिक हिंसाचारच.

मी परदेशात आहे, व्हिसा नवऱ्याच्या नोकरीवर. इथे कुणाला विचारू?

त्या देशाच्या इमर्जन्सी नंबरला आणि तिथल्या महिला हेल्पलाइनला, हिंसेसाठी मदत मागताना व्हिसा आड येत नाही. अमेरिकेत दक्षिण आशियाई बायकांसाठीच्या संस्था आहेत, न्यू जर्सीत 'मानवी' (१९८५ पासून) आणि न्यूयॉर्कमध्ये 'सखी' (१९८९ पासून), आपल्या भाषा समजणारं माणूस तिथे मिळायची शक्यता जास्त. भारतीय दूतावासालाही कळवा. पासपोर्ट, तुमचा आणि मुलांचा, स्वतःच्या ताब्यात ठेवा आणि फोटो काढून माहेरी पाठवा. 'सुट्टीला भारतात जाऊन येऊ' म्हणून आणायचं आणि पासपोर्ट घेऊन एकट्याने परत जायचं हा प्रकार बऱ्याच जणींबरोबर झालाय. तसं झालं तर पासपोर्ट हरवल्याची, काढून घेतल्याची तक्रार इथल्या पोलिसांत त्याच दिवशी करा आणि वरचा सगळा कायदा इथे लागू होतो, तुम्ही आत्ता राहता त्या गावच्या कोर्टात.

निवाऱ्याचा पत्ता नवऱ्याला कळला. आता?

अधीक्षिकेला लगेच सांगा, लपवू नका, तुमच्यामुळे बाकीच्यांना त्रास होईल म्हणून गप्प राहू नका. दुसऱ्या घरात हलवता येतं, जिल्ह्याबाहेरसुद्धा. कोर्टाच्या संरक्षण आदेशात त्याने तुमच्याजवळ यायचं नाही असं असेल तर नवरा गेटवर आला हाच भंग, ११२ लावा, हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे. आदेश नसेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी विधी सेवा प्राधिकरणात जाऊन तातडीचा अर्ज, आणि गेटच्या वहीत त्याच्या येण्याची वेळ लिहिलीय ना, त्या पानाचा फोटो अर्जाला जोडा.